चारमथ पंकाश्माचा जीवाश्म-संच: गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल का?

इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर चारमथ गावाशेजारच्या कड्यांतून सुटलेले अकरा तुकडे, पोलादी सुया दोन, एक कुंचला, दहापट भिंग, वीस पानांची पुस्तिका, लॅकरची छोटी बाटली आणि सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी, एवढं सगळं पुठ्ठ्याच्या एका पेटीत येतं. तुकडे अस्सल आहेत. निवड जाणकाराने केलेली दिसते. जुरासिक समुद्र हातात घेऊन शिकवायचा असेल, तर या संचाला पैसे मोजायला हरकत नाही. मात्र पेटी, पुडी आणि लॅकर या तिन्ही गोष्टी आपल्या हवेचा विचार न करता दिल्या आहेत. हा संच आला तसा कपाटात ठेवला, तर अकरापैकी सहा तुकडे एकदोन पावसाळ्यांत खराब होऊ लागतील, त्यातले दोनतीन तर पार भुकटी होतील. म्हणून पुढचा बराचसा मजकूर तुकड्यांच्या कौतुकापेक्षा ते वाचवण्याबद्दल आहे.

आधी हा खडक काय आहे ते पाहू, कारण दुखणं खडकाच्या जन्मातच आहे. चारमथ मडस्टोन फॉर्मेशन (मडस्टोन म्हणजे पंकाश्म, चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) हा जुरासिकच्या सुरुवातीच्या काळातला, सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा थर. शास्त्रीय भाषेत सिनेमुरियन आणि प्लिन्सबाखियन या टप्प्यांतला. लायस गटात याच्या खाली ब्लू लायस आणि वर डायरॅम फॉर्मेशन येतं. डॉर्सेटच्या कड्यांत खालून वर चार पोटथर ओळखले जातात: शेल्स-विथ-बीफ, ब्लॅक व्हेन, बेलेमनाइट मार्ल आणि ग्रीन अमोनाइट. समुद्राच्या तळाशी बारीक गाळ साचत होता आणि त्या गाळात प्राणवायू फारसा नव्हता. तिथले जिवाणू श्वासासाठी समुद्रपाण्यातलं सल्फेट वापरत, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटे आणि गाळातल्या लोहाशी मिळून पायराइट तयार होई. चोडणच्या किंवा रायबंदरच्या खारफुटीत ओहोटीला काळ्या चिखलात पाय रुतला की सडक्या अंड्याचा वास येतो, तो याच प्रक्रियेचा. मेलेल्या अमोनाइटच्या (वेटोळ्या शिंपल्याच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या) शिंपल्यातल्या रिकाम्या खोल्यांत तोच पायराइट भरला, शिंपला पुढे विरघळला आणि पितळी रंगाचा साचा मागे उरला. चारमथचं सौंदर्य आणि चारमथचा रोग दोन्ही या एका खनिजातून आले आहेत.

आता तुकडे.

सुटे पायराइट अमोनाइट चार आहेत, १५ ते २५ मिलिमीटरचे. चिठ्ठीवर फक्त ‘अमोनाइट, जुरासिक’ लिहिलं आहे. एवढं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच, कारण सिनेमुरियनमध्ये अमोनाइट हेच घड्याळ आहे. भिंगाखाली धरले की मात्र तीन जाती सहज वेगळ्या होतात. दोन प्रोमायक्रोसेरास आहेत: जाड सरळ बरगड्या, बाहेरच्या कडेवर त्या चपट्या होऊन रुंदावतात आणि कडेला कणा, म्हणजे लांबट उंचवटा, नाही. तिसरा एकिओसेरास, दिसायला हुबेहूब चकली. वेटोळी अनेक, एकमेकांना जेमतेम टेकलेली, बाहेरच्या कडेवर बारीक कणा. चौथा ऑक्सिनोटिसेरास, चपटा आणि कडेला धार असलेला, शेवटचं वेटोळं आधीच्या सगळ्यांना जवळजवळ गिळून बसलेलं. या तिघांवरून तीन क्रमवार कालविभाग सांगता येतात: ऑब्ट्यूसम, त्यावर ऑक्सिनोटम, त्यावर रॅरिकोस्टॅटम. म्हणजे विक्रेत्याने न सांगता चार तुकड्यांत काळाचे तीन थर दिले आहेत. चिठ्ठ्या स्वतः लिहून ठेवाव्यात. वर्गात या चौघांवर एक पूर्ण तासिका होते.

बेलेमनाइट, म्हणजे माकुळासारख्या प्राण्याच्या शरीरातला कठीण भाग, दोन, बोटाएवढे, बंदुकीच्या गोळीसारखे. हे कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचे आहेत आणि संचातले सर्वांत टिकाऊ तुकडे हेच. तुटलेल्या टोकाकडे पाहिलं तर केंद्रातून बाहेर जाणारे तंतू दिसतात. तसे तंतू दिसले की तुकडा खरा. ग्रायफिया या कालवाचा एक शिंपला आहे, वाकड्या नखासारखा जाड. तोही कॅल्साइटचा, तोही निर्धास्त. फक्त त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. ग्रायफिया खालच्या ब्लू लायसमध्येही भरपूर सापडतो, आणि किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेल्या सुट्या शिंपल्याला ‘चारमथ मडस्टोन’ म्हणायला चिठ्ठी पुरेशी नाही. ‘बीफ’चा एक तुकडा आहे. गोमांसाच्या तंतूंसारखे उभे धागे दिसतात म्हणून डॉर्सेटच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. प्रत्यक्षात तो तंतुमय कॅल्साइटचा पातळ थर, जीवाश्म नव्हे. चिखलाचे थर खोल गाडले जात असताना त्यांच्या फटींत हे स्फटिक वाढले. ते वाढण्यामागचं कारण पुस्तिकेत नीट दिलं आहे, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

पेंटाक्रिनाइटिसची पाटी हा संचाचा मानकरी. समुद्रलिलीच्या देठाच्या चकत्या, प्रत्येक चकती पाच टोकांच्या चांदणीसारखी, करड्या पंकाश्मावर पितळी रंगात. हे प्राणी तळाला चिकटून न राहता तरंगत्या ओंडक्यांना लटकून जगत, असं मत बऱ्याच अभ्यासकांचं आहे, कारण त्यांचे घोस दगड झालेल्या लाकडाखाली सापडतात. देखणी पाटी, आणि सर्वांत धोक्यातली. बारीक चकत्या, सगळा पायराइट, मागे पाणी शोषणारा खडक.

दहावा तुकडा पंकाश्माच्या फळीत कागदासारखा चुरडलेला अमोनाइट. अकरावी चुनखडकाची न फोडलेली गाठ, एका बाजूने प्रोमायक्रोसेरासची कड डोकावणारी. ही गाठ म्हणजे संचातलं खरं काम, तिच्याकडे शेवटी येऊ.

पायराइट सडतो म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्यावं. पायराइट, हवेतला प्राणवायू आणि पाण्याची वाफ एकत्र आली की लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. सल्फेट स्फटिकात पाणी धरून फुगतं. लोहाचा तोच अणू पायराइटमध्ये जितकी जागा घेत होता, त्याच्या सुमारे सहापट जागा सात रेणू पाणी धरलेल्या सल्फेटमध्ये घेतो. तुकडा आतून फुटतो तो यामुळे. आम्ल खाली टपकून चिठ्ठी, कापूस, पुठ्ठा, लाकूड जाळत जातं आणि शेजारच्या कॅल्साइटच्या तुकड्यावरही खड्डे पाडतं. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे झपाट्याने होतं, ५० च्या खाली मंदावतं, ४० च्या आसपास जवळजवळ थांबतं. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत घराच्या आत ८०-८५ टक्के नित्याचं. चपला, चामड्याचे पट्टे आणि पुस्तकांच्या पाठी यांवर बुरशी येते त्याच खोलीत ही पेटी असते, हे लक्षात ठेवावं.

सगळा पायराइट सारखा सडत नाही. चकचकीत, मोठ्या स्फटिकांचा, घट्ट पायराइट वर्षानुवर्षं टिकतो. सूक्ष्म गोळ्यांच्या घोसांतला, भिंगाखाली मंद काळपट दिसणारा पायराइट आधी जातो, कारण त्याला हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त. संचातल्या ऑक्सिनोटिसेरासचा पितळी चकाकीचा साचा बरा आहे. दोन प्रोमायक्रोसेरासपैकी एकाच्या मधल्या वेटोळ्यांत काळपट भाग दिसतो, त्यावर लक्ष ठेवावं. बाजारात पॉलिश करून सोन्यासारखे चमकवलेले अमोनाइट ‘चारमथचे’ म्हणून दाखवले जातात, त्यांतले बरेच रशियातून आलेले असतात. चारमथचा पायराइट मूळचा मंद असतो, त्याला आरशासारखी झळाळी नसते.

सडण्याची पहिली खूण डोळ्यांआधी नाकाला कळते. डबा उघडल्यावर गंधकाचा, नाकाला झोंबणारा वास. मग केसासारख्या भेगा, मग फटींत पिवळसर-पांढरी भुकटी, आणि चिठ्ठीचा तुकड्याला टेकलेला कोपरा तपकिरी होऊन चुरतो. भुकटीवर ओला निळा लिटमस टेकवला की तो लगेच लाल होतो. शंका राहात नाही.

आता पेटीतल्या त्रुटी. पुठ्ठ्याची पेटी हीच पहिली. पुठ्ठा हवेतलं पाणी शोषून धरतो. ८५ टक्के आर्द्रतेत कागद स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी बाळगतो. दीडशे ग्रॅमची ही पेटी म्हणजे पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त पाण्याचा साठा. त्याच्यासमोर पाच ग्रॅम सिलिका जेल. जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी घेतं, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. पेटी उघडल्याच्या पहिल्याच दिवशी पुडी भरून जाते आणि नंतर ती नुसती शोभेची. तुकड्यांखाली कापूस घातला आहे, तोही नको. आम्ल लागलं की कापूस गळतो आणि भुकटी त्यात अडकून राहते.

दुसरी त्रुटी लॅकरची. पायराइटचे चारही अमोनाइट विकण्यापूर्वी जाड लॅकरमध्ये बुडवून काढलेले दिसतात, आणि शिवाय ‘चमक गेली तर पुन्हा लावा’ म्हणून बाटली दिली आहे. लॅकरच्या थरातून प्राणवायू आणि वाफ हळूहळू आत जातेच. त्याच्याखाली किनाऱ्यावरचं मीठ आणि ओल अडकली असेल तर ती बाहेर येत नाही, आणि सडणं सुरू झालं तरी ते झाकलेलं राहतं. वरून चकचकीत, आतून फुगलेला तुकडा हाताला लागला की त्याची सालं सुटतात. बाटली बाजूला ठेवावी. आधीचा थर काढायचा असेल तर अॅसिटोनमध्ये बुडवून मऊ कुंचल्याने काढता येतो. बुडवताना बुडबुडे येत राहिले तर तुकडा भेगाळलेला आहे असं समजून लगेच बाहेर काढावा.

संच हाती आल्यावर काय करावं ते आता क्रमाने सांगतो. पेटीतून सगळं बाहेर काढावं आणि पायराइटचे तुकडे कॅल्साइटच्या तुकड्यांपासून वेगळे करावे. बेलेमनाइट, ग्रायफिया, बीफ आणि गाठ उघड्या काचकपाटात खुशाल राहू द्यावीत. उरलेल्या सहांसाठी पाच लिटरचा, चारही बाजूंना क्लिपा आणि झाकणात रबरी कडी असलेला पारदर्शक डबा घ्यावा. रबर चिंबलेला नसावा. पाण्याने भरून उलटा करून पाहावा, गळला तर वाफही आत जाणार. संग्रहालयांत काचपेट्यांसाठी घनमीटरला वीस किलो सिलिका जेल असा जुना हिशेब आहे. त्याप्रमाणे पाच लिटरला शंभर ग्रॅम पुरे, पण आपल्याकडे डबा वर्गात वारंवार उघडणार म्हणून दोनशे ग्रॅम घालावं. रंग बदलणारं नारंगी जेल घ्यावं. जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, शाळेत ते नको. जेल जाळीच्या पिशवीत तळाशी, त्यावर पांढऱ्या पॅकिंग फोमची शीट, शीटमध्ये तुकड्यांच्या आकाराचे खळगे. प्रत्येक तुकडा वेगळ्या छोट्या झिप पिशवीत, पिशवीचं तोंड उघडं, चिठ्ठी दुसऱ्या बंद पिशवीत. एक तुकडा सडला तर त्याचं आम्ल शेजाऱ्याला लागत नाही आणि चिठ्ठीही वाचते.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. स्वस्त मापक पाच टक्क्यांनी इकडेतिकडे चुकतात, काही दहानेही. तपासायला महागडं उपकरण लागत नाही. बाटलीच्या झाकणात चमचाभर जाडं मीठ घ्यावं, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करावं, मापकासह झिप पिशवीत बारा तास बंद ठेवावं. खाऱ्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. मापक ८० दाखवत असेल तर तो पाच जास्त दाखवतो, डब्यावर तसं लिहून ठेवावं. डब्यातली आर्द्रता ४५ च्या वर गेली की जेल बदलावं. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनतीन तास पसरून ठेवलं की पुन्हा कामाचं होतं. गॅसवरच्या तव्यात भाजू नये, १५० च्या वर रंगाचं द्रव्य जळतं आणि मग जेल भरलं की नाही ते कळत नाही.

जेलऐवजी तांदूळ घालण्याची सवय सोडावी. गोदामातला तांदूळ स्वतःच बारातेरा टक्के पाणी धरून असतो आणि त्याच्याभोवतीची हवा साठाच्या वरच राहते, म्हणजे जिथे पायराइट सडतो नेमकी तिथे. कापूर आणि डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी आहेत, ओलीसाठी नाहीत. खाद्यपदार्थांच्या पाकिटातली प्राणवायू शोषणारी पुडी जेलसोबत टाकू नये: ती लोहाच्या भुकटीची असते, तिला काम करायला ओल लागते, आणि जेल तीच ओल काढून घेतं. दिवसा बंद आणि रात्री चालू असा एसीही उपयोगाचा नाही. थंड झालेल्या दगडावर सकाळी दमट हवा आली की दव धरतं.

पावसाळ्यासाठी डबा भरण्याचं काम मे महिन्यात उरकावं. आमसुलं, मिरच्या, सुकी सुंगटं वाळवून पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो त्याच आठवड्यात जेल भाजून डबा भरावा, आणि मग चवथ संपून नवरात्र लागेपर्यंत शक्यतो उघडू नये. पावसाळ्यात वर्गात दाखवायचा असेल तर डबा बंदच फिरवावा. झाकण पारदर्शक घ्यायला सांगितलं ते त्यासाठीच. मागवतानाही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवावा. जुलैत कुरियरच्या गोदामात भिजलेली पेटी आली तर वरचे सगळे उपाय उशिरा होतात.

एखादा तुकडा सडू लागलाच, तर पाण्याने धुवू नये. शाळिग्रामाला रोज अभिषेक होतो, त्याला काही होत नाही, मग याला का, असा प्रश्न इथे हमखास येतो. शाळिग्रामही जुरासिक अमोनाइटच, नेपाळच्या काली गंडकीच्या खोऱ्यातल्या काळ्या शेल खडकातला. पण तो घट्ट गाठीत बंद आहे आणि नदीने घासून घासून कमकुवत असलेलं सगळं आधीच काढून टाकलं आहे. जे उरलं तेच देव्हाऱ्यात पोचतं. चारमथचा उघडा पायराइट अशा कसोटीतून गेलेला नसतो. त्याची भुकटी कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी, हातमोजे घालून, आणि तुकडा लगेच वेगळ्या डब्यात कोरडा करावा. तयार झालेलं आम्ल मारण्यासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अमोनियाच्या वाफेचा उपचार होऊ शकतो. बंद काचपात्रात खाली अमोनियाचं द्रावण, वर जाळीवर तुकडा. द्रावणात पॉलिइथिलिन ग्लायकॉल मिसळतात, म्हणजे वाफेतलं पाणी कमी राहतं. हे विषारी वाफ बाहेर ओढणाऱ्या प्रयोगशाळेच्या कपाटातच (फ्यूम हूड) करायचं काम आहे, घरात बिलकूल नाही. याने आम्ल मरतं, गेलेला तुकडा परत येत नाही.

पंकाश्माच्या दोन पाट्यांचा प्रश्न वेगळा. त्यातल्या चिकणमातीची खनिजं ओलीने फुगतात, वाळली की आकसतात, आणि थर पापडासारखे सुटू लागतात. यावर पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक राळेचं द्रावण कामी येतं, कारण ते पुढे कधीही अॅसिटोनने काढता येतं. पाच ग्रॅम दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून शंभर मिलिलिटर अॅसिटोनमध्ये, काचेच्या बरणीत, रात्रभर लटकत ठेवावे. दाणे सरळ बरणीत टाकले तर तळाशी चिकट गोळा होऊन बसतो. कुंचल्याने पाटीच्या कडेला द्रावण सोडावं, खडक ते स्वतः ओढून घेतो. पृष्ठभागावर चकाकी दिसू लागली की थांबावं. हे काम पावसाळी दिवशी केलं तर पाटीवर पांढरं धुकं धरतं. अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी तिथे जमतं आणि राळ पांढरी पडते. त्यामुळे हेही डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारचं काम. तुटलेला थर चिकटवायचा असेल तर याच राळेचं दाट द्रावण वापरावं. सायनोअॅक्रिलेटचा झटपट गोंद परत काढणं कठीण आणि भोवती पांढरा डाग सोडतो, सुतारी पांढऱ्या गोंदात पाणी असतं. हे लक्षात ठेवावं की ही राळ खडकाला धरून ठेवते, पायराइटला सडण्यापासून वाचवत नाही. पाटीही डब्यातच राहायला हवी.

गाठीबद्दल पुस्तिकेत एक गंभीर चूक आहे. ‘खडक मऊ करण्यासाठी गाठ पातळ व्हिनेगरमध्ये ठेवा’ असं लिहिलं आहे. चारमथच्या या गाठींत अमोनाइटचा शिंपला कॅल्साइटचा आणि भोवतीचा खडकही चुन्याचा. व्हिनेगर दोघांनाही खातं, आणि बरगड्यांची बारीक टोकं आधी जातात. नारळाच्या माडीचं गोव्याचं व्हिनेगर असो की दुकानातलं पांढरं, आत अॅसिटिक आम्लच. गाठ कोरडीच उघडावी. वाळूच्या पिशवीवर नीट बसवून, डोळ्यांवर चष्मा लावून, डोकावणाऱ्या कडेपासून बोटभर दूर छिन्नीचे हलके घाव घालावे. शिंपला आणि खडक यांच्या सीमेवर गाठ बहुधा स्वतःच सुटते. मग दिलेल्या सुयांनी कडेकडेने, बरगडीला समांतर, कधीही आडवं नाही. सुया चांगल्या पोलादाच्या आहेत, त्या टिकतात. पूर्ण अमोनाइट मोकळा करायला हाताने वीसपंचवीस तास सहज लागतील. कोणाकडे एअर पेन (हवेच्या दाबावर चालणारी कोरणी) आणि कॉम्प्रेसर असेल तर काही तासांचं काम. शाळेच्या मंडळासाठी मात्र हाताचंच बरं, रोज अर्धा तास, आळीपाळीने. गाठीतल्या प्रोमायक्रोसेराससोबत शेजारी आणखी एकदोन लहान असण्याची शक्यता असते, म्हणून सुटलेली प्रत्येक कपची भिंगाखाली पाहूनच टाकावी.

पुस्तिकेचा उरलेला भाग चांगला आहे. स्केलिडोसॉरस या चिलखती डायनासोरचे अवशेष १८५८ मध्ये चारमथच्या कड्यातून मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं वर्णन केलं, हा भाग मुलांना आवडेल. समुद्री चिखलात जमिनीवरचा प्राणी कसा आला, यावर वर्गात छान चर्चा होते. किनाऱ्यावरून गोळा करण्याचे नियमही दिले आहेत, ते महत्त्वाचं. २००१ पासून हा किनारा जागतिक वारसा आहे. लाटांनी सुटे केलेले तुकडे उचलता येतात, कडा खोदायला मनाई आहे, आणि महत्त्वाचा नमुना सापडला तर नोंद करावी लागते. हिवाळ्यात दरडी कोसळतात, भरती माती धुऊन नेते आणि जीवाश्म वाळूत पडतात. कोणी उचलले नाहीत तर समुद्र त्यांची रेती करतो. त्यामुळे या संचामुळे कड्याचं नुकसान होतं असं मानायचं कारण नाही. मात्र विक्रेत्याला पोटथराचं नाव आणि गोळा केल्याचा महिना विचारावा. प्रामाणिक गोळा करणाऱ्याकडे दोन्हीची नोंद असते.

मागवण्याआधी आणखी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पायराइटच्या तुकड्यांवर लॅकर किंवा मेण लावलं आहे का, आणि लावलं असेल तर त्याआधी मीठ काढलं होतं का. पायराइटऐवजी कॅल्साइटचे अमोनाइट बदलून देता येतील का: ब्लॅक व्हेनच्या चुनखडक गाठींतले प्रोमायक्रोसेरास आणि अॅस्टेरोसेरास महाग पडतात, पण आपल्या हवेत ते उघड्यावर राहतात. आणि पेंटाक्रिनाइटिसची पाटी वगळून संच मिळेल का. ज्या शाळेत कोणी दर महिन्याला मापक पाहणार नाही, तिथे ती पाटी घेऊ नये. तिच्या पैशांत ग्रीन अमोनाइट थरातला एखादा अमोनाइट घ्यावा. त्याच्या खोल्यांत हिरवट कॅल्साइट भरलेला असतो आणि कापून घासला की प्रत्येक खोलीची भिंत वेगळी दिसते.

फक्त अमोनाइट दाखवणं एवढाच उद्देश असेल तर गुजरातच्या कच्छमधले चारी फॉर्मेशनचे नमुने पाहावेत. तिथे पायराइटपेक्षा लोहयुक्त चुनखडक जास्त. सोनेरी दाण्यांच्या त्या खडकातले अमोनाइट गोव्याच्या पावसाळ्यात फारसे कुरकुरत नाहीत, आणि ते आपल्याच देशातल्या जुरासिक समुद्राचे आहेत. पण काळ्या चिखलात प्राणवायू संपल्यावर काय घडतं, हे शिकवायला चारमथसारखा दुसरा खडक नाही. त्यासाठी संच घ्यावा, आणि संच मागवायच्या आधी डबा, दोनशे ग्रॅम जेल आणि मापक विकत आणून ठेवावेत.